चौतीस मार्कांचा सिनेमा

कसबा पेठेतल्या दिगंबर खांबेटे मास्तरांनी आयुष्यभर दोनच गोष्टी तपासल्या. मार्च-एप्रिलात एस.एस.सी.चे इतिहासाचे पेपर आणि उरलेले दहा महिने सिनेमे. दोन्हींना लाल पेन्सिल एकच. दोन्हींचा दर्जा दरवर्षी घसरतो आहे, हे मतही एकच.

सिनेमाला लोक करमणुकीसाठी जातात, हे मास्तर ऐकून होते. ते स्वतः मात्र परीक्षेच्या हॉलवर निघाल्यासारखे निघायचे. खिशात पेन्सिल, मनगटावर रेडिओवरच्या वेळेच्या 'पिप्-पिप्'शी रोज जुळवलेलं घड्याळ आणि मांडीवर दोनशे पानी वही. कथेला पंचवीस मार्क, अभिनयाला पंचवीस, दिग्दर्शनाला वीस, आणि छायाचित्रण, संगीत, संकलन यांना दहा-दहा. पस्तिसाला पास. ग्रेस मार्क नाहीत. सिनेमा किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, मध्यंतर किती मिनिटांचं होतं, सगळं वहीत असायचं. शेवटी शेरा. एका पौराणिक सिनेमावर त्यांनी लिहिलं होतं, 'देव चांगले. राक्षस अधिक चांगले. ऋषींनी दाढी धरून बोलू नये, सुटते.'

जूनच्या पहिल्या रविवारी मास्तर दिग्दर्शकांचा निकाल जाहीर करत. पेठेतली दहा-बारा माणसं चहाला जमायची. मास्तर एकेका दिग्दर्शकाच्या सगळ्या सिनेमांची सरासरी काढून क्रमांक वाचायचे आणि त्यावर वादावादी व्हायची. "तो तिसरा कसा? त्याला साधा पाऊस पाडता येत नाही!" असं कुणी म्हटलं, की मास्तर वही उघडून पान दाखवायचे. "पावसाचे दोन मार्क कापलेत. बघून घ्या."

या निकालात आप्पासाहेब हेर्लेकर नावाचे कोल्हापूरचे दिग्दर्शक ओळीने आठ वर्षं पहिले आले होते. नवव्या वर्षी त्यांनी 'शेवाळलेली पायरी' काढला आणि मास्तरांनी त्याला शंभरपैकी चौतीस दिले. एका विषयात नापास तो सगळ्यात नापास, हा बोर्डाचा नियम मास्तरांचाही होता. आप्पासाहेबांचं नाव यादीतून गेलं ते गेलंच. पेठ दोन दिवस हळहळली. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, एक मार्क द्या की. एका मार्कानं काय होतंय?" मास्तर म्हणाले, "हेच माझ्याकडं नापासांचे आईवडीलही म्हणतात."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मास्तर रिटायर झाले, आणि वासंतीचं लग्न ठरायची वेळ आली.

वासंती मास्तरांची एकुलती मुलगी, टेलिफोन खात्यात नोकरीला. वय सव्वीस. आलेल्या तीन स्थळांना तिनं नकार दिला होता. एकाला तो घास मोजून खातो म्हणून, दुसऱ्याला तो हसताना आईकडं बघतो म्हणून. तिसऱ्याचं कारण तिनं सांगितलंच नाही. नुसतं "आई, तू बघितलंस ना त्याला?" एवढं विचारलं, आणि श्यामलाबाईंनाही पुढं विचारवलं नाही. चौथं स्थळ आलं श्यामसुंदर कुंटे याचं. खडकीच्या कारखान्यात इंजिनियर. फोटो आला तेव्हा वासंती म्हणाली, "बरा आहे." हे ऐकून श्यामलाबाईंनी गणपतीला गूळखोबरं ठेवलं. वासंतीच्या तोंडून 'बरा' म्हणजे इतरांचा डिस्टिंक्शन.

पत्रात पुढं लिहिलं होतं, 'मुलाचे वडील दीनानाथ कुंटे हे सिनेमाव्यवसायात संकलक असून हेर्लेकरांच्या सर्व चित्रपटांचे संकलन त्यांनीच केले आहे. येत्या रविवारी ते मुलासह मुलगी पाहण्यास येतील.'

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं. कपाटातून वही काढली, पान शोधलं, वाचलं आणि मिटली.

"काय झालं हो?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचे कान का लाल झाले?"

वही पुन्हा उघडली गेली. कथा आठ, अभिनय चौदा, दिग्दर्शन पाच, छायाचित्रण चार, संगीत तीन. संकलन, शून्य. शेरा : 'नायकाला अचानक दाढी. वहिनी बोलताबोलता पुढील प्रसंगात फोटोत, फोटोला हार. खुलासा नाही. संकलकाने कात्री खाली ठेवून दुसरा धंदा पाहावा.'

श्यामलाबाई मटकन पाटावर बसल्या. "अहो, व्याही होणाराय तो माणूस!"

"तेव्हा नव्हता."

"मग आता शून्याच्या आधी एक काढा. दहा होतील. एका रेघेचं काम आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की जणू त्यांनी बोर्डाचं कपाट फोडायला सांगितलं होतं. "श्यामला, तीस वर्षांत मी वशिल्यानं मार्क वाढवलेला नाही."

"तीस वर्षांत तुमच्या मुलीला स्थळही पसंत पडलेलं नाही."

वासंती दारात उभी राहून ऐकत होती. "आई, राहू दे," ती म्हणाली. "बाबांनी एक काढला तरी शेरा तसाच राहणार. दहापैकी दहा, आणि दुसरा धंदा बघा. त्यापेक्षा शून्य बरं." एवढं बोलून ती आत गेली. पण तिनं रविवारी नेसायची साडी दोनदा बदलून ठेवलेली मास्तरांनी पाहिली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. श्यामलाबाईंनी वही तांदळाच्या डब्यात खाली पुरली.

रविवारी सकाळी कुंटे पितापुत्र आले. दीनानाथ कुंटे बारीक, बुटके, साठीला टेकलेले. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं नकळत कात्रीसारखी हलवायचे. मास्तरांचं सारखं त्या बोटांकडं लक्ष जात होतं. पोहे झाले, हवापाणी झालं, खडकीची क्वार्टर्स झाली. श्यामसुंदर आणि वासंती एकमेकांकडं न बघता एकमेकांना बघत होते. श्यामलाबाईंचा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो, तोच कुंटे म्हणाले, "मास्तर, आपली ती प्रसिद्ध वही बघायला मिळेल काय?"

श्यामलाबाईंच्या हातातली शिऱ्याची वाटी तिरपी झाली. "ती ना, ती वाळवीनं खाल्ली."

"तांदळाच्या डब्यात आहे," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि दुसऱ्याचं खोटं चालू देणंही जमत नसे. ते स्वतः उठले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, वही झटकली आणि पान काढून कुंट्यांच्या हातात दिली. पेपर फुटल्याची बातमी स्वतःच सांगायला निघालेल्या हेडमास्तरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "वाचा. मी तेव्हा जे पाहिलं ते लिहिलंय. यात आमच्या वासंतीचा काही दोष नाही. ती तेव्हा सातवीत होती."

कुंट्यांनी चष्मा लावला. शेरा मोठ्यानं वाचला. 'दुसरा धंदा पाहावा' दोनदा वाचलं. श्यामसुंदरनं "बाबा, चला" म्हणण्यासाठी तोंड उघडलं असावं, कारण वासंतीनं मान खाली घातली.

पण कुंटे पानावरून उठेनात. त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यात सरकलं. "हे काय? 'प्रत्यक्ष चित्रपट : दोन तास अकरा मिनिटे'?"

"मध्यंतर आणि जाहिराती वगळून," मास्तर म्हणाले. "माझं घड्याळ चुकत नाही."

"चुकलेलं नाहीच!" कुंटे ताडकन उभे राहिले. "अहो, 'पायरी' तेरा रिळांचा. दोन तास बावीस मिनिटं! एकेक फूट या हातांनी जोडलाय. अकरा मिनिटं कुठं गेली तुमची? अकरा मिनिटं म्हणजे एक अख्खं रीळ!"

कुणालाच काही कळेना. कुंटे खोलीतल्या खोलीत फिरायला लागले आणि बोटांनी हवा कापत सांगू लागले. पहिल्या आठवड्यात पुण्यात एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालवली होती. एका ठिकाणी रीळ संपलं की डबा सायकलवर घालून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा. सायकल पंक्चर झाली, डबा वेळेवर आला नाही, की ऑपरेटर सरळ पुढचं रीळ लावायचा. "तुम्हाला अकरावं रीळ दाखवलंच नाही, मास्तर! वहिनी अकराव्यात वारते. दाढी अकराव्यात वाढते. सगळं अकराव्यात आहे!"

"पण थिएटर भरलेलं होतं," मास्तर चाचरत म्हणाले. "एकही माणूस ओरडला नाही."

"पुण्यात कोण ओरडणार?" वासंती पहिल्यांदाच बोलली. "ओरडलं तर आपल्याला सिनेमा कळला नाही, हे इतरांना कळलं असतं ना. प्रत्येकाला वाटलं असेल, नवीन तंत्र आहे."

श्यामसुंदर हसला आणि त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं. पण हे पाहायला मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते पांढरेफटक पडले होते. परीक्षकाच्या हातून काय वाट्टेल ते होईल, बेरीज चुकेल, पेपर चहात भिजेल. पण पुरवणी न बघता मुलाला नापास करणं, याहून मोठं पाप त्यांच्या शास्त्रात नव्हतं. आणि ते त्यांनी हेर्लेकरांच्या बाबतीत केलं होतं. चौदा वर्षं.

"कुंटेसाहेब," ते कसेबसे म्हणाले, "माझ्याकडून पुरवणी राहिली."

"मग वाढवा की मार्क," श्यामलाबाई तत्परतेनं म्हणाल्या.

"न पाहिलेल्या उत्तराला मार्क कसे देऊ? आधी पाहायला हवं."

श्यामलाबाईंनी कपाळाला हात लावला. आता हा माणूस व्याह्यांना उरलासुरला राग आणतोय, असंच त्यांना वाटलं. पण कुंटे खूश झाले. "हे बरोबर! पुन्हा तपासा. पूर्ण पेपर तपासा. मी कोल्हापूरहून प्रिंट आणतो."

दोन रविवार सोडून सकाळी आठ वाजता एका थिएटरात दोन कुटुंबं जमली. ऑपरेटर गेनबा कुंट्यांचा जुना ओळखीचा, मॅटिनीच्या आधी त्यानं मशीन मोकळं ठेवलं होतं. त्याला कुंट्यांनी बजावलं, "तेराच्या तेरा लाव हं." गेनबा म्हणाला, "तेरा म्हंजी तेरा. चौदावं मागितलं तर न्हाई." आठशे खुर्च्यांत पाच माणसं. मास्तर मधोमध. त्यांच्या एका बाजूला कुंटे, दुसऱ्या बाजूला श्यामलाबाई. वासंती आणि श्यामसुंदर चार रांगा मागं, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून.

श्यामलाबाईंनी सिनेमा पाहिलाच नाही. त्या पेन्सिल पाहत होत्या. पेन्सिल हलली की त्यांचा श्वास अडकायचा. मध्यंतरातही त्या जागच्या उठल्या नाहीत. कुंट्यांचीही तीच गत. पस्तीस वर्षं ज्यांनी मोठमोठ्या नटांची तोंडं कात्रीनं उडवली, ते आज निकालाच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरासारखे नखं खात होते. अकरावं रीळ सुरू झालं. वहिनी खरोखरच वारली, रीतसर, औषधाची बाटली फुटून. नायक घाटावर बसला. त्याची दाढी वाढली, ऋतू बदलले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. मग नायक रडायला लागला आणि रडतच राहिला. मास्तरांनी रुमाल परत ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

दिवे लागल्यावर सगळे बाहेर पायऱ्यांपाशी आले. मास्तरांनी बेरीज दोनदा तपासली, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"कथा, आठाचे तेरा. अभिनय, चौदाचे अकरा."

"कमी झाले?" श्यामलाबाई ओरडल्याच.

"नवीन उत्तर पाहिलं की चुकाही दिसतात. नायक चार मिनिटं रडतो. दिग्दर्शन, पाचाचे नऊ. छायाचित्रण चार, संगीत तीन, बदल नाही. संकलन..." मास्तर थांबले. कुंट्यांची बोटं हलायची थांबली. "संकलन, शून्याचे सात. एकूण सत्तेचाळीस. सेकंड क्लासमध्ये उत्तीर्ण."

कुंट्यांनी बोटांवर हिशेब केला. मग हळूच म्हणाले, "तीन कुठं गेले?"

"ते रडणं कापायला हवं होतं."

"कापलं होतं!" कुंटे केवढ्यानं तरी ओरडले. "मी कापलं होतं, मास्तर! आप्पासाहेबांनी स्वतः पुन्हा जोडायला लावलं. म्हणाले, राहू दे, बायका रडतील. चौदा वर्षांत हे ओळखणारे तुम्ही पहिले!" त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, पुण्यात पिक्चर पडला तेव्हापासून आप्पासाहेब मला ऐकवताहेत. कुंटे, तुमच्या जोडकामामुळं पुणं गेलं. हे सत्तेचाळीस मला लिहून द्या. सहीनिशी. आजच पोस्टात टाकतो."

मास्तरांनी वहीतलं कोरं पान फाडलं, त्यावर सत्तेचाळीस मार्क लिहिले, आणि खाली आजवर कुणाला लिहिलं नव्हतं ते लिहिलं, 'परीक्षकाची चूक. क्षमस्व.' सही केली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा त्यांना भूक लागली. समोरच्या हॉटेलातून येणारा भज्यांचा वास आपल्याला येतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

श्यामलाबाईंना मात्र अजून धीर नव्हता. "सेकंड क्लास ठीक आहे हो," त्या कुंट्यांना म्हणाल्या, "पण आपल्या मुलांचं काय?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. वासंती आणि श्यामसुंदर शेवटच्या पायरीवर बसून एका कागदातले शेंगदाणे खात होते. मध्ये खुर्ची नव्हती. सोडायला जागाही नव्हती.

"आमचं?" वासंती म्हणाली. "आमचं मध्यंतरातच ठरलं. तुमचा निकाल लागायची वाट बघत होतो."