आवाज गेलेल्या मॅडमचा इंग्रजीचा तास

दिवाळीनंतर मधुवंती मॅडमचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. आल्याचा काढा झाला, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. संक्रांतीपर्यंत अशी गत झाली की वर्गात वाक्याचा कर्ता ऐकू यायचा आणि क्रियापद घशातच राहायचं.

त्यांची शाळा वारंगा फाट्यावर, हायवेला लागून. खिडक्या लावल्या तर घुसमट, उघडल्या तर ट्रकचे हॉर्न. त्या गोंगाटावर आवाज चढवून त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. संध्याकाळी आखाडा बाळापूरला घरी यावं, तर सासूबाई गंगूताई कानांनी अधू. चहा ठेवू का, एवढंही ओरडून विचारावं लागे.

नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं घसा पाहिला. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या.

"महिनाभर अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

"मी शिक्षिका आहे हो," मॅडम म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतोय."

रजा मागायला नवरा, अनिरुद्ध, सोबत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, "रजा द्यायला माझी ना न्हाई. पण बदली माणूस कुठून आणू? दहावीचं वर्ष हाय. मॅडमना नुसतं वर्गात येऊन बसू द्या." अनिरुद्ध तहसीलमध्ये कारकून. साहेबांपुढे मान हलवायची सवय झालेली, ती त्यानं तिथंही हलवली. परतताना मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलायचं नव्हतंच.

पहिले काही दिवस वर्गात नुसता धिंगाणा झाला. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटावं, मुलांनी तेवढ्यापुरतं गप्प व्हावं, की पुन्हा तेच. मुख्याध्यापक दारात येऊन ओरडून जायचे. मॅडम फळा भरून लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. खांदा दुखून यायचा. घरी गंगूताईंनी एकदा विचारलं, "माझं काही चुकलं का गं? चार दिवस झाले, तोंडातून शब्द नाही तुझ्या." मॅडमनी गळ्याला हात लावून दाखवला. "मंगळसूत्राचं काय झालं आता?" गंगूताई म्हणाल्या. शेवटी अनिरुद्धनं समजावलं.

एका दुपारी पूर्ण वर्तमानकाळाची उजळणी होती. मॅडमनी फळ्यावर 'हॅव' आणि 'हॅज' लिहिलं, त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप लिहिलं आणि खुर्चीत बसल्या. उठायचं त्राणच उरलं नव्हतं. पुढच्या बाकावर राधिका होती. तिच्या घरी मेंढ्या. बाप ज्ञानबा दरसाल मेंढरं घेऊन विदर्भात उतरायचा.

"मॅडम, मी लिहू का एक?"

मॅडमनी खडू टेबलाच्या कडेला सरकवला. राधिकानं फळ्यावर लिहिलं, 'माय फादर वेन्ट विथ द शीप.'

मागून शिवहार म्हणाला, "चुकलं. हॅज गॉन पायजे."

"काहून? गेला म्हंजे गेला. वेन्ट."

"परत आला का?"

"न्हाई. तिकडंच हाय, पुसदकडं."

"मंग हॅज गॉन. गेलाय, अजून तिकडंच हाय."

राधिकानं मॅडमकडे पाहिलं. एरवी मॅडमनी हाच मुद्दा चार उदाहरणं देऊन एका दमात सांगितला असता. आता त्यांनी फक्त मान डोलावली. राधिकानं पुसून पुन्हा लिहिलं.

"मॅडम, माझी माय नांदेडला जाऊन आली. आता घरीच हाय. मंग?" दुसऱ्या एका मुलीनं विचारलं. कोणी वेन्ट म्हणालं, कोणी हॅज गॉन. दोघं-तिघं एकमेकांवर चढून बोलू लागले. मॅडम उठल्या, फळ्यावर 'हॅज बीन' लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुन्हा बसल्या.

पुढच्या आठवड्यात गौण वाक्यं होती. तोवर खडू मुलांच्याच हातात गेला होता. राधिकानं लिहिलं, 'माय फादर, हू हॅज गॉन विथ द शीप, डझ नॉट नो व्हेन माय एक्झाम इज.' मेंढरांमागं गेलेल्या माझ्या बापाला माझी परीक्षा कधी हे ठाऊक नाही. शिवहारनं येऊन मुख्य वाक्याखाली रेघ मारली. माय फादर डझ नॉट नो. बाकीची दोन वाक्यं त्यानं कंसात घातली. रेघ बरोबर होती, कंसही बरोबर होते. मॅडमनी फळा दोनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रोजच असं झालं, असं नाही. बऱ्याच दिवशी निम्मा वर्ग बाकावर डोकं ठेवून झोपायचा. पण मॅडमना त्याचाही राग येईनासा झाला होता. त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या आणि मुलांचं चाललेलं ऐकायच्या.

महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठी तशाच होत्या. बोर्डाची परीक्षा संपल्यावर ऑपरेशन झालं. आवाज आला, पण बारीक, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. निकाल दरवर्षीसारखाच लागला. राधिका इंग्रजीत बऱ्यापैकी पास झाली, शिवहार काठावर निघाला, काही मुलं राहिली.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावलं. "दहावी तुमच्याकडंच ठेवतो. तुमच्याबिगर कोण शिकवणार? माईक आणू आपण एक, गळ्यात अडकवायचा."

"घसा तर माझाच वापरायचा ना, सर," मॅडम म्हणाल्या. "मला जमणार नाही. सहावी द्या, तिथं तास कमी."

"आसं कसं? संस्थेनं तुमाला इतकी वर्षं सांभाळलं."

मॅडमनी त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "जमणार नाही."

सरांना ते नीट ऐकू गेलं नसावं, कारण ते थोडे पुढे वाकले. मॅडमनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. सरांनी पेन उचलून वेळापत्रकात खाडाखोड केली.

घरी येऊन त्यांनी दोन घास दहीभात खाल्ला. दहावी सुटल्याचं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. साडी न बदलताच त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि अनिरुद्ध कचेरीतून आला तेव्हा गाढ झोपल्या होत्या. त्यानं उठवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कुकर लावला.