ताटातलं पाणी

मी आज जो काही आहे, तो माझ्या थोरल्या आक्कामुळे. आमचं खेडं लोह्याकडचं. गावात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून आक्काने मला निलंग्याला आपल्या सासरी ठेवून घेतलं. सासू म्हणायची, "माहेरचं बिऱ्हाडच आणलं की हिनं." आक्का ऐकून घ्यायची आणि माझ्या ताटात भाकरी वाढायची. जेवून उठताना ताटातच हात धुवायचा, ताट कोरडं ठेवायचं नाही, ही शिस्तही तिचीच.

पुढे विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झालो आणि लातूरच्या एका बांधकाम कंपनीत लागलो. नोकरी कच्ची होती. मुदत संपत आली तेव्हा मालक म्हणाले, "शनिवारी आमच्यासोबत हॉटेलात जेवायला या. कायम करायच्या आधी माणूस जरा बघून घेतो."

मी घाबरून आक्काला फोन केला.

"इस्त्रीचे कपडे घाल," ती म्हणाली. "अन् भिऊ नको. ते बी जेवायलाच बसणार हायत."

हॉटेलचं काचेचं दार एका गणवेशातल्या माणसाने उघडलं. मी त्याला नमस्कार केला आणि आधी तो आत जाईल म्हणून बाजूला उभा राहिलो. आत एसीचा गारठा, तरी पाठीवरून घाम ओघळत होता. मी बसायला लागलो तर कुणीतरी मागून खुर्ची सरकवली. काढून घेतोय असं वाटून मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

टेबलावर मालक, मालकीणबाई आणि पुण्याहून शिकून आलेला त्यांचा मुलगा होता. बाई जो चमचा उचलतील तोच मी उचलत होतो. मग मालकांनी सरळ हाताने रोटी तोडली आणि मला जरा धीर आला. तिथंच घात झाला. वरणभात संपला तसा मी ग्लास उचलला आणि ताटात हात धुतला.

ती ताटली सपाट होती, तिला काठच नव्हता. पाणी पांढऱ्या कापडावर पसरलं आणि बाईंच्या पर्सकडे निघालं. बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"साइटवर पाणी मारायची सवय आहे त्यांना," मुलगा हसत म्हणाला.

मालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वेटर टेबल पुसेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताट कोरडं ठेवत नाहीत वाटतं तुमच्याकडे?"

"नाही, साहेब."

त्यांनी बिल मागवलं. नोकरीविषयी एक शब्द नाही. रविवारभर मी खोलीत पडून होतो. गावी परत गेलो तर आक्काला सासरी काय काय ऐकावं लागेल, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

सोमवारी मालकांनी बोलावलं. भाऊजी घरी असले की आक्काच्या घरचा फोन त्यांच्याच हातात असतो, म्हणून त्या संध्याकाळी मी तिला पत्रच लिहिलं:

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार. मी कायम झालो. हॉटेलात ताटात हात धुतला आणि टेबलभर पाणी केलं, तरी झालो. आता भीती दुसरीच आहे. मालक म्हणालेत, पुढच्या जेवणाला घरचं कुणीतरी आणा. मी तुलाच आणणार. जेवण झाल्यावर तू ताटात पाणी ओतशील आणि मी लाजून लोकांची तोंडं बघत बसेन, याची मला भीती वाटते. तसं झालं तर तिथंच, सगळ्यांसमोर माझा कान धर. स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा धाकटा