सावलीची रेघ

निजामाच्या अमदानीत मी उस्मानाबादच्या तहसील कचेरीत कारकून होतो. कचेरीतली आणि साहेबलोकांच्या बंगल्यांतली झाडं छाटायला बेंबळीहून एक जण यायचा. फांदी तोडायला सांगितली की आधी तो कुऱ्हाडीच्या दांड्यानं जमिनीवर रेघ ओढायचा.

“उद्यापासनं ऊन इथवर येईल, साहेब. मंजूर?”

‘मंजूर’ हाच शब्द लागायचा. ‘बरं’ म्हटलेलं चालायचं नाही. खुद्द तहसीलदारसाहेबांना त्यानं त्या रेघेपाशी उभं केलेलं मी पाहिलंय.

एकदा माझ्या अंगणातल्या कडुलिंबाची फांदी कौलांवर घासायला लागली, म्हणून त्याला बोलावलं. त्यानं रेघ ओढली आणि मी लगेच म्हणालो, “मंजूर!”

तो जागचा हलला नाही. उन्हात जाणाऱ्या जागेवर एक पोतं अंथरलेलं होतं, त्यावर सूप आणि निवडायची तूर.

“दुपारचं तुमी तर कचेरीत असता, साहेब. इथं कोन बसतं?”

“घरची मंडळी.”

“मग त्यांचं मंजूर पायजे.”

मी हाक मारली. बायको बाहेर आली. तिनं रेघ पाहिली, पायानं पुसली आणि पोत्याच्या पलीकडं, बुंध्यापासून आणखी दोन हात लांब नवी ओढली.

मग तो माझ्याकडं वळला.

“आता निम्मी फांदी ऱ्हाईल, साहेब. कौलं घासतील. मंजूर?”

बायको अजून रेघेवरच उभी होती. मी ‘मंजूर’ म्हणालो, तेव्हा कुठं तो झाडावर चढला.