आक्काच्या नावाच्या कडेनं

घर रंगवायला सकाळी चुना भिजवला आणि त्या वासासरशी आप्पा आठवले. माझी थोरली बहीण, आक्का, लग्नानंतर सहा महिन्यांतच वारली. तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर आप्पांनी पिरनवाडीच्या या घराला बाहेरून स्वतःच चुना मारायला घेतला. दाराशेजारी लग्नात रंगवलेली नवरा-नवरीची नावं होती.

"तेवढं पुसू नका ओ," आई उंबऱ्यातून म्हणाली.

"मी कुठं पुसाय लागलोय?" आप्पांनी मोठा कुंचा खाली ठेवला आणि बारीक ब्रशनं नावांच्या कडेकडेनं चुना लावला. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तो मळका चौकोन मला तेव्हा ठिगळासारखा वाटला होता.

आता आई-आप्पा नाहीत. नावंही पावसानं केव्हाच धुऊन नेली, चौकोन तेवढा उरलाय. भिंत रंगवत मी तिथवर आलो आणि मोठा कुंचा खाली ठेवला.