मेंढ्याचा खांदा

वर्षाराणीचा सगळा खेळ डोळ्यांत होता, आणि ते डोळे तिला मेंढरांनी दिले होते. केदारखेड्याच्या माळावर वडिलांच्या, राधाकिसनच्या, मागं हिंडताना तिनं एक गोष्ट हेरली होती: धडक देण्याआधी मेंढ्याचा खांदा हलतो. जालन्याच्या कॉलेजात हातात टेनिसची रॅकेट आली, तेव्हाही ती समोरच्या पोरीच्या खांद्याकडंच बघायची. चेंडू सुटायच्या आत हिचे पाय तिकडं निघालेले. एवढ्या विद्येवर ती निवड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. जिंकेल तिला विभागाच्या संघात जागा, आणि जागा एकच.

नेमकं त्याच दिवशी संयोजकाला शहाणपण सुचलं. पहिल्या एसटीनं आलेला राधाकिसन घोंगडी घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. रांगेत दहा-बारा खुर्च्या रिकाम्या.

"ओ बाबा, उठा! ह्या पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत. मेंढरं कुठं बांधली?"

वर्षाराणीसमोर खेळणारी अर्पिता खुदकन हसली. राधाकिसन उठला आणि कुंपणाच्या जाळीबाहेर, चपलांपाशी उभा राहिला. काय झिजणार होतं हो त्या प्लास्टिकच्या खुर्चीचं?

वर्षाराणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरची शिकवण अशी, की अपमान करणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. ती तेच करत राहिली. प्रत्येक सर्व्हिसला अर्पिताच्या तोंडावर ते हसू शोधत राहिली. तोंडावर चेंडूची दिशा थोडीच लिहिलेली असते! चेंडू निघून गेल्यावर पाय हलायचे, नाहीतर रागाच्या भरात आधीच उलट्या बाजूला झेप. पहिला सेट एक-सहा असा गेला.

ती कुंपणापाशी आली. "आबा, तुमाला उठवलं त्यांनी!"

"मला उठवलं, तुला न्हाई. तोंडाकडं काय बघून राह्यली? मेंढा काय तोंडानं धडक ठरवतो का?"

राग गेला नाही. का जावा? पण नजर खांद्यावर आली, तसा तो राग पायांत उतरला. दुसरा सेट तिनं घेतला, तिसराही, सात-पाच.

संयोजक खुर्ची घेऊन धावला. "बाबा, बसा ना. फोटो काढू!"

वर्षाराणीनं खुर्ची त्याच्या हातातून काढून पुन्हा रांगेत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. पाहुण्यांची हाये."

आता मात्र तिनं थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याची मान खाली जाईपर्यंत नजर हलवली नाही. मग बापलेकींचा फोटो निघाला, चपलांपाशी, उभ्यानंच.