पाठ फिरवून ऐकलेली गिटार

लिंडसे ब्रॅमिचचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. तो गजर लावत नसे. लावला असता तरी तो त्याच्या बायकोला, नोलालाच ऐकू आला असता. उठायचं, चुलीत लाकडं सारायची, बूट चढवायचे आणि स्मिथटनच्या सॉमिलमध्ये मोठ्या करवतीपाशी जाऊन उभं राहायचं. नोकरी संपून बरेच हिवाळे गेले, तरी सव्वाचार काही सुटले नाहीत.

पातं बोथट होऊ लागलं की आधी करवतीचा सूर बदलतो. गोंगाट अडवायला कानांवर टोपणं आल्यावर तो सूर ऐकू येईना, तेव्हा लिंडसे कोपर लोखंडी चौकटीला टेकवून उभा राहू लागला. हाडातून सगळं कळायचं. पण टोपणं उशिरा आली. तोवर त्याच्या कानांतून वरचे सूर निघून गेले होते. किटलीची शिट्टी गेली, कुंपणातल्या निळ्या पाखरांचा चिवचिवाट गेला. तो याबद्दल बोलला नाही. शिट्टी झाली की नोला उठून किटली उतरवायची. तीही बोलली नाही.

रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये नोला गायची आणि तो साथीला बसायचा. जुन्या गिटारीची मान वाकली होती, खुंट्या कितीही पिळल्या तरी दुसऱ्या गाण्याला ती उतरायची. सॉमिलच्या पगारातून तो वर्षानुवर्षं थोडं बाजूला टाकत आला होता. त्यातून हातांनी बनवलेली गिटार येणार होती. एकच. ती चुकली असती तर दुसरी या जन्मात नव्हती, आणि नोलाला उरलेली सगळी गाणी तिच्याबरोबरच गायची होती.

डेलोरेनला जिल पर्टन नावाची बाई गिटारी बनवायची. तिच्याकडे दोन तयार होत्या, दोन्ही ब्लॅकवुड लाकडाच्या, एकाच किमतीच्या. लिंडसे आणि नोला निघाले तर मागच्या सीटवर नोलाचा भाऊ टेरी आधीच बसलेला, मांडीवर मायक्रोफोनची पेटी.

टेरीने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. स्पीकर घ्यायचा तर तो आधी मोजायचा, आवाजाचा आलेख काढायचा आणि रेघ सपाट आली, म्हणजे सगळे सूर सारखे निघाले, तरच त्यावर गाणं लावायचा.

"बायकोलाही मोजून घेतलं होतंस का रे?" लिंडसेने विचारलं.

"मोजलं असतं तर वाचलो असतो."

"सांगते हं तिला," नोला म्हणाली.

जिलने दोन्ही गिटारी बाकावर ठेवल्या आणि चहा टाकायला गेली. पहिलीच्या पाठीवर लाकडाच्या रेषांच्या लाटा होत्या. लाकूड हलवलं की उजेड त्यावरून पाण्यासारखा सरकायचा. दुसरीची पाठ साधी, तपकिरी.

लिंडसेने पहिली मांडीवर घेतली आणि तारा छेडल्या. त्याचा चेहराच बदलला. एकेक स्वर सुटा, लख्ख, पंचविशीत ऐकू यायचा तसा. मग त्याने दुसरी वाजवून पाहिली. जणू कुणी तिच्यावर घोंगडी टाकली होती.

"पहिली," तो म्हणाला. "संपला विषय."

"थांब की," म्हणत टेरीने मायक्रोफोन उभा केला. लिंडसेला त्याने एकेक तार सारख्या जोराने छेडायला लावली, दोन्ही गिटारींवर. मग पेटीच्या पडद्यावरच्या रेघांकडे बघून मान हलवली. "दोन्ही नकोत. पहिली वरच्या सुरांत फार उसळते. दुसरीला मधेच हा एवढा खड्डा आहे. असा स्पीकर मी फुकटही नेणार नाही."

"तुझं यंत्र उसळतंय. मला ती गोड लागते."

"लागणारच. लिंडसे, तुझ्या कानांतून जेवढं गेलंय ना, नेमकं तेवढंच तिच्यात जास्त आहे. तू गिटार घेत नाहीयेस, कान दुरुस्त करतोयस."

जिल चहा घेऊन दारातच थबकली. लिंडसेने पहिलीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, लाटांवरून, पुन्हा एकदा. आणि अंगठा तिथेच थांबला.

सॉमिलमध्ये ब्लॅकवुडची प्रत ठरवायची एक रीत होती. नुसत्या लाटा बघून माणूस भुलतो, आतली चीर त्याला दिसत नाही. म्हणून एकाने फळी ठोकायची आणि दुसऱ्याने पाठ फिरवून ऐकायचं. आणि ज्याला ती फळी स्वतःच्या घरी न्यायची असेल, त्याने ऐकायचंच नाही. हा नियम मोडणाऱ्याला लिंडसेने स्वतः बाकावरून हाकललं होतं. आज फळी त्यालाच हवी होती आणि ऐकतही तोच बसला होता.

"नोला," तो म्हणाला, "तिकडे खिडकीपाशी जा. आमच्याकडे पाठ फिरव."

"मला गिटारीतलं काय कळतंय?"

"म्हणूनच. गा नुसती."

"काय गाऊ?"

"रविवारचं."

त्याने पहिली वाजवली. नोला दोन ओळी गायली आणि मधेच थांबली.

"बंद कर बाबा. मोरीत बशा आपटल्यासारखं वाजतंय. मला माझंच ऐकू येईना."

"मी आधीच सांगितलं होतं," टेरी म्हणाला.

"तुला विचारलं नाही," लिंडसे म्हणाला आणि दुसरी उचलली. या वेळी तो वाकला आणि हनुवटी गिटारीच्या खांद्यावर टेकवली, कधीकाळी कोपर टेकवायचा तशी. खालच्या तारा जबड्यातून थेट आत आल्या, जाड, उबदार, अगदी स्वच्छ. घोंगडी गेली होती.

नोला गाऊ लागली. वयाने तिचा आवाज खाली उतरला होता. हॉलमध्ये तो जुन्या गिटारीखाली दबायचा. आता त्याला जागा होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, ती थांबलीच नाही. टेरी पडद्याकडे बघत होता. मायक्रोफोन चालूच राहिला होता.

गाणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "ती बरोबर खड्ड्यात बसली."

"कोण खड्ड्यात?" नोलाने वळून विचारलं.

"तुझा आवाज गं. गिटार जिथे कमी पडते ना, तिथेच तू आहेस. मी रिकामी गिटार मोजली."

"आणि मी स्वतःसाठी ऐकली," लिंडसे म्हणाला. "दोघंही बाद. हिनेच बरोबर ऐकलं."

"वरच्या तारा कशा आहेत या गिटारीच्या?" त्याने नोलाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला असं काही विचारलं होतं.

नोला खिडकीपासून त्याच्याजवळ आली. "छान आहेत. पावसाचे थेंब पत्र्यावर नाही, पानांवर पडावेत तशा."

"मग झालं."

जिलने साधी तपकिरी गिटार पेटीत ठेवली. लाटांवाली तिने पुन्हा भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. लिंडसेने त्या लाटांकडे एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही.

रविवारी हॉलमध्ये तो हनुवटी टेकवून बसला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मान अवघडेल म्हणून सांगितलं. "अवघडू दे," तो म्हणाला. सॉमिलच्या सगळ्या पहाटांच्या मजुरीतून ती गिटार आली होती. तिचे खालचे सूर त्याचे होते. वरचे त्याला कधीच ऐकू येणार नव्हते. ते त्याने नोलासाठी विकत घेतले होते, पूर्ण किमतीला.