बसून घाबरा

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला परदेशातलं शहर दाखवायचं म्हणजे कर्मकठीण. ऐंशी मजल्यांच्या मनोऱ्यावर सगळे काचेला नाक लावून खालचं शहर बघत होते, आणि आमचे लिफ्टमामा शहराकडे पाठ करून लिफ्टचं दार कसं मिटतंय ते बघत होते. "आवाज म्हणून नाही," असं चारदा म्हणाले.

त्यांना हिंडवत होते ते नर्सबाई आणि तिचा बेकरीवाला नवरा, दोघंही त्याच शहरातले. नर्सबाई पूर्वी नोकरीसाठी मामांच्या गावी होती. मामांच्याच घरी वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं राहिली आणि मामींच्या हाताखाली फाडफाड मराठी बोलायला शिकली. मामी गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. मामा घराबाहेर पडेनात म्हटल्यावर तिनं सरळ विमानाचं तिकीटच पाठवलं.

बरं, मामा शहराला बिचकले असतील म्हणाल, तर नाव नको. हिरवा दिवा लागला की दोन्हीकडून माणसांचा लोंढा रस्त्यावर उतरायचा, आणि मामा त्यातून हात मागे बांधून चालायचे. सरकत्या जिन्यावर उभं राहणाऱ्यांनी उजवीकडे राहायचं, घाईवाल्यांना डावी बाजू सोडायची, हे त्यांनी एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी डावीकडे रेंगाळलेल्या बेकरीवाल्याला त्यांनीच दंडाला धरून बाजूला घेतलं. "तुम्ही इथलेच ना?" त्यांनी विचारलं.

घरी मात्र घोडं अडलं होतं. नर्सबाईचं घर नवव्या मजल्यावर, आणि तिची आईही तिथंच राहायची. पाच महिन्यांपूर्वी लिफ्ट मध्येच बंद पडली आणि म्हातारी पाऊण तास आत एकटी अडकली. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. खाली फुटपाथवर तिच्या तीन मैत्रिणी रोज सकाळी गप्पा मारत बसायच्या, आणि ही वरून खिडकीतून बघायची.

"चार दिवसांनी माझं विमान आहे," मामा म्हणाले. "त्याआधी तुझी आई खाली. शब्द दिला."

लगेच बैठक मारून त्यांनी म्हातारीला समजवायला घेतलं. "भीती कशाची? सहा दोर असतात. पाच तुटले तरी एक पुरतो. सहावा तुटला तर ब्रेक लागतो. आणि समजा ब्रेकही नाही लागला, तर तळाशी जाड स्प्रिंगा असतात." नर्सबाईनं इमानेइतबारे शब्दन् शब्द आईच्या भाषेत सांगितला. लिफ्टचे दोर तुटू शकतात हे म्हातारीला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. करायला गेले गणपती नि झाला मारुती. पुढचे तीन दिवस ती मामांसमोर आली नाही.

मामांचं तोंड एवढंसं झालं. मनोरे पाहिले, पूल पाहिले, पण कशात जीव रमेना. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि म्हातारीच्या बंद दारासमोर मांडून बसले. नर्सबाई शेजारी उभी राहून एकेक वाक्य आत पोचवत होती.

"मीपण अडकलोय," मामा म्हणाले. "मीच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये. दोन तास. नंतर अकरा दिवस कामावर जिन्यानं चढलो. साहेबांना थाप मारली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय म्हणून. बायकोला थापा पचत नव्हत्या. बाराव्या दिवशी घरचं स्टूल काखेत मारून माझ्याबरोबर आली, लिफ्टमध्ये ठेवलं नि म्हणाली, 'घाबरायचंच आहे ना? मग बसून घाबरा. पाय तरी लटपटणार नाहीत.'"

हे आईला सांगताना नर्सबाईनं आवाजही मामींचा लावला. मामींचा तो ठसका तिच्या चांगला ओळखीचा होता. मग कडी निघाली. म्हातारीनं आधी मामांकडे पाहिलं आणि मग स्टुलाकडे.

उतरताना ती पर्स पोटाशी धरून स्टुलावर बसली आणि मामा मजले मोजत शेजारी उभे राहिले; नर्सबाई ते आईला सांगत होती. "आठ. आता जरा खडखड होईल, ती दाराची. सात." सांगितल्या जागी खडखड झाली, तशी म्हातारीची पर्सवरची मूठ थोडी सैल झाली.

फुटपाथवर मैत्रिणींनी तिला गराडा घातला. दोन तास ती त्याच स्टुलावर ठाण मांडून बसली आणि मामांना आपलं शहर दाखवत राहिली. कुठला दुकानदार लबाड, कुठल्या खिडकीत रोज भांडणं, कुठल्या घरातला मुलगा परत आलाच नाही. भाषांतर करून करून नर्सबाईच्या घशाला कोरड पडली. मनोऱ्यावरून यातलं काही दिसलं नव्हतं, आणि मामा आता एकदाही लिफ्टकडे वळून बघत नव्हते.

सामान आणायला सगळे स्टूल घेऊन पुन्हा वर निघाले. लिफ्टमध्ये शिरताना म्हातारी म्हणाली, "तुमची बायको शहाणी होती." नर्सबाईनं ते मराठीत सांगितलं. मामांनी मान डोलावली. मामी गेल्यापासून त्यांचं एखादं वाक्य मामांनी मोठ्यानं उच्चारलं, ते आज सकाळीच. त्यांचे पाय लटपटायला लागले.

म्हातारीनं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं आणि नवाचं बटण स्वतः दाबलं.

एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्टमध्ये उभा राहिलेला माणूस खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. म्हातारी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मजले मोजत होती. सात, आठ. मध्ये खडखड झाली. "दाराची आहे," तिनं सांगितलं.